पानामागून पान

माझ्या टेबलावर जुन्या वर्तमानपत्रावर अकरा पानं ओळीनं वाळत पडली आहेत. सगळी कोथिंबिरीची, एकाच कुंडीतली. भाजीवाल्याकडच्या जुडीत रोप कोवळं असतानाच उपटलेलं असतं, त्यामुळे त्याचं पुढचं आयुष्य आपल्या नजरेला पडत नाही. या कुंडीतली रोपं मी शेवटपर्यंत वाढू दिली. धणे वाटीच्या बुडानं रगडून त्यांच्या फाकी केल्या आणि पेरल्या. आठ-दहा दिवसांत दोन लांबट, साधी बीजपत्रं वर आली, कडेला एकही कापा नसलेली. पहिलं खरं पान गोलसर, तीन कापांचं, बोटाच्या पेराएवढं. मग रुंद, दातेरी, तीन भागांची पानं. कोथिंबीर म्हणून आपण ओळखतो ती हीच. पुढे मधला दांडा उंच व्हायला लागला आणि पानं बदलली. कापे खोल गेले, पातं अरुंद झालं, आणि शेंड्याजवळचं पान तर बडीशेपेच्या पानासारखं नुसते तंतू झालं. त्याच्या देठाचा तळ तेवढा खोडाला मिठी मारून होता. त्यानंतर पान जवळजवळ संपलं आणि पांढरी-गुलाबी छत्री उघडली.

ओळीतलं पहिलं आणि शेवटचं पान शेजारी ठेवून कुणाला दाखवलं, तर ही एकाच झाडाची आहेत यावर विश्वास बसत नाही. मधली पानं दाखवली की बसतो.

पानं अशी ओळीनं मांडून बघायची ही रीत जवळजवळ अडीचशे वर्षांपूर्वीची आहे, आणि ती एका कवीची आहे. ‘मॉर्फॉलॉजी’ हा शब्द जीवशास्त्रात आला तो याच रीतीच्या पोटी. मराठीत आपण त्याला आकारविज्ञान म्हणतो. मी शिकत होतो तेव्हा आमच्यासाठी मॉर्फॉलॉजी म्हणजे पाठांतर होतं: पिंपळाचं पान हृदयाकृती, अळूचं बाणाकृती, कण्हेरीचं भालाकृती. प्रात्यक्षिकाला ट्रेमध्ये एक पान ठेवलेलं असायचं, झाडापासून तोडलेलं, आणि त्याच्या आकाराचं नाव लिहून पुढे सरकायचं. एकाच झाडावर पान बदलत जातं हे तेव्हा कुणी दाखवलं नाही. नेमकं ते दाखवण्यासाठीच हा शब्द घडवला होता, हे मला फार उशिरा कळलं आणि त्याची हळहळ अजून वाटते.

तो कवी म्हणजे योहान वोल्फगांग गटे. आपल्याकडे गटे म्हटलं की शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचल्याची आख्यायिका आठवते. नाचाचं सोडून देऊ. 1791 मध्ये शाकुंतलाचं जर्मन भाषांतर वाचून त्यानं चार ओळींचं एक कवन मात्र खरंच लिहिलं. वर्षाच्या सुरुवातीचा बहर आणि अखेरीचं फळ या दोहोंना सामावणारं एक नाव, असं शकुंतलेबद्दल तो त्यात म्हणतो. ही स्तुती कवीची आहे तितकीच वनस्पती पाहणाऱ्याची. आदल्याच वर्षी त्यानं बहर आणि फळ मुळात एक कसे, याच प्रश्नावर एक छोटं पुस्तक छापलं होतं.

फ्रँकफुर्टमध्ये 1749 साली जन्मलेला हा माणूस 1775 मध्ये वायमारच्या ड्यूकच्या बोलावण्यावरून तिथे गेला आणि राज्यकारभारात गुंतला. वनस्पतींशी त्याची ओळख झाली ती जंगलं, खाणी, बागा यांची कामं अंगावर पडल्यामुळे. येना गावाजवळच्या त्सीगेनहाइन खेड्यात डीट्रिख नावाचं एक घराणं होतं. वनौषधी गोळा करणं हा त्यांचा पिढीजात धंदा. विद्यापीठाच्या वर्गांना ते झाडं पुरवायचे. त्या घरातला एक तरुण मुलगा 1785 मध्ये कार्ल्सबाडच्या प्रवासात गटेबरोबर होता. तो वाटेतली झाडं उपटून आणायचा आणि लिनियसच्या पद्धतीनं त्यांची नावं सांगायचा.

लिनियसबद्दल गटेला अपार आदर होता. शेक्सपिअर आणि स्पिनोझा यांच्यानंतर आपल्यावर सर्वांत मोठा प्रभाव लिनियसचा, असं त्यानं पुढे लिहून ठेवलं, आणि तो प्रभाव मुख्यतः विरोध जागवण्यामुळे पडला हेही सांगितलं. लिनियसची पद्धत मोजणीची. पुंकेसर मोजा, वर्ग ठरवा. जगभरातून येणाऱ्या हजारो झाडांना नाव आणि जागा देण्यासाठी ती गरजेचीच होती. पण गटेला एकाच दांड्यावर खाली गोल, मध्ये कातरलेली आणि वर पिसासारखी झालेली पानं दिसत. अशा झाडाची हद्द नेमकी कुठे आखायची? आखायचा धीरच त्याला होईना.

सप्टेंबर 1786 मध्ये पहाटे तीन वाजता तो कार्ल्सबाडहून कुणाला न सांगता निघाला आणि इटलीची वाट धरली. 27 सप्टेंबरला पादुआला पोहोचून त्यानं तिथलं वनस्पती उद्यान पाहिलं. हे उद्यान 1545 सालचं. त्यात एक बुटका, पंख्यासारख्या पानांचा ताड होता, 1585 मध्ये लावलेला; म्हणजे तेव्हाच दोनशे वर्षांचा. त्याची बुडाची पानं साधी, भाल्यासारखी. वरची हळूहळू चिरत गेलेली. आणि पुढे पूर्ण उघडलेला पंखा. त्याहून वर एका आवरणातून फुलोरा बाहेर पडायचा, आधीच्या पानांशी काही नातंच नसल्यासारखा. गटेनं माळ्याला विनंती केली आणि त्या बदलाची सबंध मालिका कापून घेतली. पानं मोठी, म्हणून पुठ्ठ्यांच्या वेष्टनात घालून बरोबर नेली आणि पुढे कित्येक वर्षं जपून ठेवली. माळ्याच्या हातातली ती कात्री हा या कुळकथेचा मूळपुरुष आहे असं मी मानतो. तत्त्वज्ञान नंतर आलं. आधी पानं क्रमानं तोडून मांडली गेली.

पुढल्या वसंतात, 17 एप्रिल 1787 रोजी, तो सिसिलीत पालेर्मोच्या सार्वजनिक बागेत गेला होता एका नाटकाचा विचार करायला. पण मायदेशात कुंड्यांत आणि काचेखाली पाहिलेली झाडं तिथे उघड्यावर मोकळी वाढलेली दिसली, आणि नाटक बाजूला राहिलं. या गर्दीत सगळ्यांचा मूळ नमुना, एक आदिवनस्पती, सापडेल का असं त्याच्या मनात आलं. सुरुवातीला तो ती खरंच एखाद्या वाफ्यात शोधत होता. अशी वनस्पती कुठे उगवलेली नसते. पण या शोधातून त्याला जे मिळालं ते टिकाऊ निघालं. फुलाचे सारे भाग हे एकाच अवयवाची वेगवेगळी रूपं आहेत, आणि त्या अवयवाला नाव द्यायचंच तर ‘पान’ हे द्यावं.

1790 मध्ये हे सांगणारं ते छोटं पुस्तक 123 लहान परिच्छेदांत छापलं गेलं. त्याच्या नेहमीच्या प्रकाशकानं नकार दिला, तेव्हा गोथा गावच्या दुसऱ्यानं छापलं. गटे त्यात झाडाचं आयुष्य एखाद्या श्वासासारखं मांडतो. बीजात आकुंचन, पानांत प्रसरण. निदलपुंजात पुन्हा आकुंचन, पाकळ्यांत प्रसरण. पुंकेसरांत आकुंचन, फळात प्रसरण, आणि परत बी. शाळेत निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग ही चार मंडलं आपण चार वेगळे डबे म्हणून शिकलो. गटेनं ती एका चालीची पावलं म्हणून पाहिली.

पुराव्यासाठी तो बिघडलेली फुलं घेतो. एका गुलाबाच्या मधोमध बीजकोशाऐवजी देठ पुढे वाढलेला आणि त्यावर पुन्हा पानं. जिथे नेहमीचा क्रम मोडतो तिथे आतला धागा उघडा पडतो, हे त्यानं फार लवकर ओळखलं. आणखी एक उदाहरण आपल्या दारात आहे, कर्दळीचं. कर्दळीच्या फुलात पाकळ्या म्हणून जे रंगीत, झळझळीत भाग डोळ्यांत भरतात ते बहुतेक पुंकेसर असतात, पाकळीचं रूप घेतलेले. खऱ्या पाकळ्या त्यांच्या खाली, अरुंद आणि फिक्या. उमलत्या फुलातला कामाचा एकमेव पुंकेसर हलकेच सोडवून पाहा: त्याची एक कड पाकळी आहे आणि दुसऱ्या कडेला परागकोश चिकटलेला आहे, अर्धाच. पाकळी कुठे संपली आणि पुंकेसर कुठे सुरू झाला हे नखानं दाखवता येत नाही. गटेच्या पुस्तकातही कर्दळ आहे. ती वाचली तेव्हा मी उठून खाली सोसायटीच्या वाफ्याशी गेलो होतो.

फुलाचे भाग पानांतून होतात हे त्याच्याआधी कास्पार फ्रीडरिख वोल्फनं 1759 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. गटेला हे नंतर कळलं, आणि त्यानं त्याचं श्रेय मोकळेपणानं दिलं. त्यामुळे गटेचं वेगळेपण या निष्कर्षात शोधू नये; ते बघण्याच्या रीतीत आहे. जुलै 1794 मध्ये येनात निसर्ग अभ्यासकांच्या एका सभेनंतर तो कवी शिलरबरोबर चालत निघाला. सभेत निसर्गाचे तुकडे तुकडे करून मांडतात अशी शिलरची तक्रार होती. त्याच्या घरी गटेनं कागदावर चार रेघांत आपली वनस्पती काढून दाखवली. शिलर म्हणाला, हा अनुभव नव्हे, ही कल्पना आहे. गटे दुखावला, पण त्यानं उत्तर दिलं की मला नकळत माझ्याजवळ कल्पना आहेत आणि त्या डोळ्यांनी दिसतातही, तर बरंच आहे. दोघांची मैत्री तिथून सुरू झाली.

शब्द आला तो या मैत्रीच्या काळात. सप्टेंबर 1796 मध्ये गटेच्या रोजनिशीत ‘मॉर्फोलोगी’ दिसतो, नोव्हेंबरमध्ये शिलरला लिहिलेल्या पत्रात. छापून तो आधी आला दुसऱ्याच्याच पुस्तकात. कार्ल फ्रीडरिख बुर्डाख या वैद्यानं 1800 मध्ये वापरला. गटेनं स्वतः 1817 पासून या नावाची पुस्तिकामाला काढली. ग्रीक ‘मॉर्फे’ म्हणजे रूप. पण रूप म्हणजे काय, इथे तो थांबतो आणि जर्मनमधले दोन शब्द तोलून पाहतो. ‘गेश्टाल्ट’ म्हणजे ठरून गेलेला आकार. सजीवात तर काहीच ठरून बसत नाही. म्हणून त्याला ‘बिल्डुंग’ जवळचा वाटतो, कारण जे झालं आहे आणि जे होत आहे, दोन्हींना तो चालतो. मराठीत यासाठी खटपट करावी लागत नाही. आपल्याकडे ‘घडण’ आहे. मूर्तीची घडण म्हणताना घडलेली मूर्ती दिसते, मुलाची घडण म्हणताना घडत असलेला मुलगा. मॉर्फॉलॉजीला मराठीत घडणशास्त्र म्हटलं असतं, तर मला वाटतं ट्रेमधल्या त्या एकट्या पानापाशी आम्ही अडलो नसतो.

रीत सांगायला सोपी आहे, करायला वेळखाऊ. 1792 मध्ये गटेनं प्रयोगाविषयी एक निबंध लिहिला. एका प्रयोगावरून सिद्धान्ताकडे उडी मारू नका, शेजारी शेजारी बसणारे अनेक अनुभव साखळीसारखे जोडा, असं तो त्यात सांगतो. वनस्पतीच्या बाबतीत त्याचा अर्थ असा: पानं ओळीनं बघायची, मग डोळे मिटून पहिलं पान दुसऱ्यात, दुसरं तिसऱ्यात बदलताना मनात पाहायचं. मग उलट. मी कोथिंबिरीवर हे करतो तेव्हा चौथ्या-पाचव्या पानाशी हमखास अडखळतो. कापा कडेकडून आत येतो की मधून, ते आठवत नाही. उठून पुन्हा पानापाशी जावं लागतं. कल्पना करायची, पण डोळ्यांनी दिलं तेवढ्याचीच. हा काटेकोरपणा सुटला तर ती नुसती हुक्की होते.

त्याच्या हातूनही सगळीकडे हे जमलं नाही. 1810 च्या रंगविषयक ग्रंथात त्यानं न्यूटनवर जो हल्ला चढवला तो भौतिकीच्या दृष्टीनं चुकीचा होता. त्या ग्रंथातली डोळ्याला रंग कसे जाणवतात याची निरीक्षणं मात्र टिकली.

पुढे ही रीत दोन वाटांनी गेली. एक वाट रुडॉल्फ श्टायनरची. 1880 च्या दशकात अगदी तरुण वयात त्यानं गटेचं वैज्ञानिक लेखन संपादित केलं आणि नंतर त्यावर स्वतःचं अध्यात्म उभारलं. त्या वाटेवर चांगले निरीक्षकही झाले, पण माझं मन तिथे रमत नाही. दुसरी वाट वनस्पतिशास्त्रज्ञ अ‍ॅग्नेस आर्बर यांची. इंग्लंडमधल्या केंब्रिज इथे त्या जिथे काम करत ती स्त्रियांच्या कॉलेजची प्रयोगशाळा 1927 मध्ये बंद झाली. त्यानंतर त्यांनी घरातल्या लहान खोलीत सूक्ष्मदर्शक मांडला आणि एकट्यानं काम चालू ठेवलं. छेद स्वतः घ्यायचे, चित्रं स्वतः काढायची. 1946 मध्ये त्यांनी गटेचं ते पुस्तक इंग्रजीत आणलं. त्याच वर्षी त्या रॉयल सोसायटीच्या सदस्य झाल्या. 1950 च्या ग्रंथात त्या गटेच्या पुढे जातात: पान हे अर्धवट राहिलेली फांदी आहे, सतत पूर्ण फांदी होऊ पाहणारी. संयुक्त पानाच्या दांडीवर ओळीनं बसलेल्या पर्णिका बघताना ते वाक्य आठवतं.

मग 1991 मध्ये एन्रिको कोएन आणि एलियट मेयरोवित्झ यांनी जनुकांच्या भाषेत फुलाची घडण मांडली. जनुकांचे तीन गट: अ, ब आणि क. अ गट एकटा असेल तिथे निदल, अ आणि ब मिळून पाकळी, ब आणि क मिळून पुंकेसर, क एकटा तिथे स्त्रीकेसर. मोहरीच्या कुळातल्या एका लहानशा रोपात तिन्ही गट निकामी केले की चारही मंडलांत पानासारखे अवयव येतात. बिघडलेल्या गुलाबापाशी गटे जिथे थांबला होता, तिथेच हे लोक बिघडलेली फुलं घेऊन पोहोचले.

उतारवयात गटेला एका झाडाचा फार लळा होता. ते आपली पानफुटी. मूळची मादागास्करची, आता आपल्या परसात आणि शाळेच्या खिडकीत असते ती. गळालेल्या पानाच्या खाचाखाचांतून अख्खी रोपं फुटताना त्यानं वायमारमध्ये पाहिली. 1826 मध्ये त्यानं फ्रँकफुर्टच्या एका मैत्रिणीला ती पानं पाठवली आणि चांगल्या मातीवर आडवी ठेवायला सांगितलं. जर्मनीत तिला अजून गटेचं झाड म्हणतात.

माझ्या ओळीत सातव्या आणि आठव्या पानाच्या मध्ये एक पान राहून गेलं आहे. रुंद पात्याचे तंतू होतात ते नेमकं तिथेच. त्या आठवड्यात मी गावाला गेलो होतो. परवा नवे धणे रगडून कुंडीत टाकले आहेत.