लेबल, झिप आणि पिसांची लव

पाणपक्ष्यांच्या बाह्य पिसांखाली दडलेल्या मऊ लवेला 'डाऊन' म्हणतात, आणि ही लव भरून शिवलेल्या जॅकेटांच्या संग्राहकांत सिएटलच्या एडी बाउअर यांच्या 'स्कायलायनर'ला आद्यस्थान मिळते. हिवाळी मासेमारीत गारठून जिवावर बेतल्यानंतर बाउअर यांनी 1936 मध्ये ते तयार केले आणि 1940 मध्ये त्याच्या रचनेचे पेटंट मिळवले. तत्पूर्वी 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच यांनी बलूनच्या कापडाचा असाच कोट वापरला होता. सहकाऱ्यांनी त्याची थट्टा केली, हे विशेष!

जुन्या जॅकेटाचे मोल ठरवताना उबेपेक्षा पुराव्याला अधिक महत्त्व येते. गळ्यामागील लेबलाची अक्षरशैली आणि झिपवरील 'टॅलन'सारखे नाव यांवरून निर्मितीचा काळ अजमावला जातो. मात्र झिप पुढे बदललेली असू शकते, म्हणून एकट्या खुणेवर विसंबणे धोक्याचे ठरते. घाम व तेलकटपणामुळे लवेच्या गाठी झाल्या, तर तिची 'फिल पॉवर', म्हणजे एक औंस लव फुलून किती घनइंच जागा व्यापते याचे माप, घटते. तरीही 1953 च्या अमेरिकी के-टू मोहिमेसाठी घडलेल्या 'काराकोरम' पार्कासारख्या नमुन्यांबाबत झिजेकडे काणाडोळा केला जातो.