साखर-मीठ, हळद, चुना, तेल : घरच्या उपायाचं माप किती आणि हद्द कुठपर्यंत

रात्री पोराला जुलाब लागले किंवा गाईचं पोट फुगलं, की पहिला हात स्वयंपाकघरातल्या डब्यांकडे जातो. तालुक्याचा दवाखाना लांब, डॉक्टर सकाळी येणार. अशा वेळी घरातल्या काही वस्तू खरोखर कामाला येतात, माणसांनाही आणि जनावरांनाही. पण माप चुकलं किंवा भलत्या दुखण्यावर वापरल्या, तर त्याच वस्तू जीवावर बेततात.

जुलाब : साखर-मिठाचं पाणी

घरगुती उपायांत सगळ्यात भरवशाचा उपाय हाच. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमच्यावर शीग नको, बोटाने सपाट करून घ्यायचा. मीठ जास्त पडलं तर लहान मुलाला अपाय होतो, म्हणून पाजण्याआधी स्वतः चव घ्यावी. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्यावं आणि पुन्हा करावं.

नुसतं पाणी का चालत नाही? जुलाबात आतडं पाणी धरून ठेवत नाही. साखर आणि मीठ एकत्र गेलं, की साखरेबरोबर मीठ आत शोषलं जातं आणि त्यामागून पाणी. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ होती आणि सलाईन संपत आलं होतं. पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं द्रावण ड्रममध्ये भरून पाजायला लावलं आणि हजारो जीव वाचले. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप, वाटी-चमच्याने घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करायचं. अंगावरचं दूध बंद करू नये; ‘पोटाला आराम’ म्हणून पोराला उपाशी ठेवणं हीच मोठी चूक. केलेलं पाणी 24 तासांनंतर फेकून द्यावं. आशाताईकडे ओआरएसची पुडी असेल तर तीच आधी वापरावी, आणि पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण पुडी एकदम टाकावी. अर्धी आज, अर्धी उद्या असं केलं की प्रमाण बिघडतं. सोबत जस्ताच्या गोळ्याही मागून घ्याव्यात.

डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचात रक्त दिसलं किंवा मूल सुस्त पडलं, की घरचा उपाय संपला. 108 ला फोन करायचा.

वासराच्या हगवणीतही मरण येतं ते अंगातलं पाणी गेल्यानेच. वासरू उभं आहे, चोखतं आहे, तोवर दूध चालू ठेवून मधल्या वेळेत हेच पाणी पाजता येतं. ते आडवं पडलं किंवा तोंड गार लागलं तर 1962 या टोल-फ्री नंबरवर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला कळवावं.

दगडी : कोरफड, हळद, चुना

कास गरम, कडक, दुधात गाठी, हात लावला की गाय लाथ मारते. ही दगडी, म्हणजे स्तनदाह. यावरचा एक लेप आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने देशभरातल्या दूध उत्पादकांपर्यंत पोचवला आहे. कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, खायचा चुना 15 ग्रॅम, एकत्र वाटायचं. हळदीला चुना लागला की लगदा लाल होतो, कुंकू होतं तसाच. तो बिघडला असं समजू नये.

आधी चारही सड पूर्ण पिळून कास धुवायची. मग मूठभर लगद्यात पाव लिटरपेक्षा थोडं कमी पाणी घालून पातळ करायचं आणि सगळ्या कासेला लावायचं. दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस. इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. सकाळ-संध्याकाळ दोनदा लावतात आणि ‘गुण आला नाही’ म्हणतात. लगदा रोज ताजा वाटावा. खराब सडाचं दूध कॅनमध्ये नको आणि गोठ्यात जमिनीवरही पिळू नये, त्यातून रोग दुसऱ्या गाईला जातो. ताप असेल, गाय खात नसेल, दुधाऐवजी रक्त किंवा पिवळं पाणी येत असेल, तर पाच दिवस वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टर बोलवावा.

पोटफुगी : तेल, पण बेतानं

ओला लसूणघास किंवा बरसीम भरपूर खाल्ला, की पोटात फेस होतो आणि डावी कूस ढोलासारखी वाजते. गोडंतेल हा फेस मोडतं. मोठ्या जनावराला पाव ते अर्धा लिटर, शेळीला 50 मिली. जनावराचे पुढचे पाय उंचवट्यावर घेऊन उभं करावं.

धोका तेलात नाही, पाजण्यात आहे. मान वर ताणून, जीभ ओढून बाटली ओतली की तेल फुफ्फुसात जातं आणि पोटफुगीतून वाचलेलं जनावर न्यूमोनियाने जातं. तोंड सरळ ठेवून गालाच्या कडेने थोडं थोडं सोडावं, ठसका लागला तर लगेच थांबावं. आडव्या पडलेल्या जनावराला काहीच पाजू नये. रॉकेल तर कधीच नको. आणि लग्नातला उरलेला भात-पोळी खाऊन जनावर सुस्त झालं असेल, तर ते दुखणं वेगळं, पोटात आम्ल वाढल्याचं. तिथे तेलाचा उपयोग नाही, डॉक्टरच लागतो.

जखमा, चावे, भाजणं

साध्या जखमेला एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात दोन सपाट चमचे मीठ घालून धुणं पुरेसं. जनावराच्या जखमेत अळ्या पडल्या असतील तर पहिल्या दिवशी सीताफळाच्या पानांचा लगदा किंवा कापूर घातलेलं खोबरेल लावतात. सीताफळाचं काहीही डोळ्याजवळ मात्र नको. उवांसाठी बियांची पूड डोक्याला लावून डोळ्याला इजा झालेली माणसं आहेत.

कुत्रा चावला तर मिरची, चुना, हळद यातलं काहीच लावू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करायची. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचत नाही, सगळा खेळ त्याआधीचा आहे. सापाच्या बाबतीत घरात काही करण्यासारखं नाहीच. कापणं, चोखणं, आवळून बांधणं टाळून सरळ दवाखाना.

भाजल्यावर 20 मिनिटं साधं पाणी. टूथपेस्ट नको, शाई नको, बर्फही नको.

तान्हं बाळ आणि मांजर

खोकल्याला झोपताना चमचाभर मध चांगला, पण वर्षाच्या आतल्या बाळाला बोटभरसुद्धा नको. मधातल्या जंतूंनी बाळ लुळं पडू शकतं. कापूर पोटात गेला तर झटके येतात, म्हणून डबी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी.

मांजराला ताप आला म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडा देऊ नये, एका गोळीने मांजर मरतं. कुत्र्याला कांदा-लसणाचं उरलेलं कालवण, मनुका, चॉकलेट घालू नये. आणि गोचिडांसाठी शेतातलं फवारणीचं औषध अंदाजाने पाण्यात मिसळून जनावरावर ओतू नये. गाय अंग चाटते, मांजर तर दिवसभर चाटत असतं, आणि ते सगळं पोटात जातं.