काचबिंदूच्या थेंबाची लांबची वाट



आपल्याकडे डोळ्यांचे दोन बिंदू प्रसिद्ध आहेत, मोतीबिंदू आणि काचबिंदू. नावं सख्ख्या बहिणींसारखी, पण स्वभाव अगदी वेगळे. मोतीबिंदू सगळ्यांच्या ओळखीचा. शिबिराची गाडी येते, आजी जाते, ऑपरेशन होतं, काळा चष्मा लावून परत येते आणि महिन्या-दीड महिन्यात पुन्हा तांदूळ निवडायला बसते. काचबिंदूचं तसं नाही. त्यात गेलेली नजर जगातला कोणताही डॉक्टर परत आणू शकत नाही. उरलेली तेवढी राखता येते. गटांच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला की हमखास कुणीतरी म्हणतं, "पिकू दे की, मग बघू." हे वाक्य मोतीबिंदूच्या जुन्या काळातलं. काचबिंदू पिकत नाही, तो नुसता खात जातो.

आधी तो होतो कसा ते पाहू. आपल्या डोळ्याच्या आत पाणी तयार होत असतं. हे म्हणजे अश्रू नव्हेत, हे आतलं पाणी. ते डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून निघून जातं. मोरीच म्हणा ना! जाळी हळूहळू तुंबली की पाणी साचतं, डोळ्यातला दाब वाढतो आणि मागे मेंदूकडे जाणारी नस सुकत जाते. दुसऱ्या प्रकारात मोरीच्या तोंडावर फडकं येऊन बसावं तसा डोळ्यातला रंगीत पडदा पुढे सरकतो आणि तोंडच बंद करतो. असा झटका एकदम आला तर डोळा लालभडक होतो, कपाळ ठणकतं, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. पहिल्या प्रकारात मात्र काहीच दुखत नाही. नजर कडेकडून जाते. ताटातलं दिसतं, समोरचं माणूस दिसतं, पण बाजूनं आलेली सायकल दिसत नाही, उंबरठ्याला ठेच लागते. घरचे म्हणतात, म्हातारी धांदरट झाली.

हे एवढं कळायला आणि त्यावर काही करता यायला माणसाला पावणेदोनशे वर्षं लागली. आणि ते कुण्या एका देशाला जमलं नाही. ती हकिकत आज सांगायची आहे.

१८५१ साली जर्मनीतल्या हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहायचं यंत्र जगापुढे आणलं. तोवर जिवंत माणसाच्या डोळ्याचा मागचा पडदा डॉक्टरांना नीट पाहता येत नव्हता. आता दिसायला लागला, पण दिसलेलं नीट वाचता येईना. काचबिंदूच्या डोळ्यातली नस पाहून मोठमोठे डॉक्टर म्हणाले, ती सुजून वर आली आहे. पुढे दुसऱ्यांनी तपासलं तेव्हा कळलं की तिथे सूज नाही, खळगा आहे. नस दबून खोल गेली आहे.

तो पहिला अंदाज चुकलेल्यांत बर्लिनचे ग्रेफेही होते. त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. १८५७ साली ब्रुसेल्सला डोळ्यांच्या डॉक्टरांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे या एकोणतीस वर्षांच्या माणसानं सांगितलं की डोळ्याच्या रंगीत पडद्याचा एक छोटा तुकडा कापून काढला तर झटक्याचा काचबिंदू थांबतो. तोवर असा झटका म्हणजे आंधळेपण, हे ठरलेलंच होतं. परिषदेत ऐकलेलं घेऊन डॉक्टर आपापल्या देशी गेले आणि तिथे ऑपरेशनं करू लागले. न दुखणाऱ्या, मुकाट्यानं येणाऱ्या काचबिंदूवर मात्र या उपायाचा फारसा उपयोग होत नाही, हेही हळूहळू लक्षात आलं. ग्रेफे बेचाळीसाव्या वर्षी क्षयानं गेले.

आता एका बीची गोष्ट. आम्हाला या सगळ्या इतिहासात हीच सर्वांत जास्त लक्षात राहिली.

आफ्रिकेत, आजच्या नायजेरियात, कॅलाबार नावाचा भाग आहे. तिथे एका वेलीला पावट्यासारखी, पण चांगली मोठी आणि तपकिरी बी येते. ती विषारी. कुणावर चेटकाचा आळ आला की त्या माणसाला ही बी कुटून पाण्यातून पाजायचे. उलटी होऊन वाचला तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार. ऐकून अंगावर काटा येतो. पण बायांवर डाकीण म्हणून आळ घेणं आपल्या महाराष्ट्रालाही नवीन नाही, त्यासाठी २०१३ साली कायदा करावा लागला. तेव्हा लांबच्यांना नावं ठेवायला नकोत.

स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांकडून या बिया एडिंबरो शहरात पोहोचल्या. तिथे क्रिस्टिसन नावाचे विषांचे अभ्यासक प्राध्यापक होते. १८५५ साली त्यांनी ही बी स्वतःच थोडी खाऊन पाहिली. हात-पाय लुळे पडायला लागले तसं दाढीचं साबणाचं पाणी घटाघट पिऊन त्यांनी उलटी काढली, म्हणून वाचले. त्यांचा विद्यार्थी फ्रेझर यानं पुढे या बीवर प्रबंध लिहिला. त्यात एक निरीक्षण होतं, हिच्या अर्कानं डोळ्याची बाहुली बारीक होते. त्याच शहरातल्या आर्गाइल रॉबर्टसन या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १८६३ साली तो अर्क डोळ्यांसाठी वापरून दाखवला. पुढच्या वर्षी जर्मनीत दोघांनी त्या बीतलं नेमकं औषधी द्रव्य वेगळं काढलं. आणि १८७६ च्या सुमारास स्ट्रासबर्गच्या लाकर नावाच्या डॉक्टरांनी ते काचबिंदूवर वापरलं. बाहुली बारीक झाली की पडदा ताणला जातो आणि मोरीचं तोंड मोकळं होतं. गंमत अशी, गंमत तरी कशी म्हणायची, की लाकर यांना स्वतःलाच काचबिंदू होता.

त्याच वर्षांत ब्राझीलमधल्या जाबोरांडी नावाच्या झाडाची पानं युरोपात आली. तिथले लोक ती घाम आणायला वापरायचे. १८७५ साली फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये दोघांनी वेगवेगळं काम करून तिच्यातून पायलोकार्पिन काढलं, आणि थोड्याच दिवसांत जर्मनीतल्या वेबर यांनी ते डोळ्यात घातलं. हा थेंब आजही डॉक्टर लिहून देतात. बी आफ्रिकेची, पान ब्राझीलचं, पुस्तकात नावं युरोपातल्या डॉक्टरांची. ती वेल, ते झाड पिढ्यान् पिढ्या ओळखणाऱ्या माणसांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. आपल्या गावच्या औषधी पाल्याचंही असंच होतं, नाही का?

आपल्या देशाचाही यात वाटा आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डोळ्यांचे प्राध्यापक असलेले हर्बर्ट साचलेल्या पाण्याला डोळ्याबाहेर वाट काढून द्यायचे प्रयोग करत होते. मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयाचे प्रमुख इलियट यांनी १९०९ साली त्यातली एक पद्धत जगापुढे मांडली. डोळ्याच्या पांढऱ्या भागाच्या कडेला गोल, बारीक भोक पाडायचं आणि वर डोळ्याची पातळ त्वचा पांघरायची. लांबून आलेला रोगी रोज थेंब घालेल, पुन्हा तपासायला येईल, याची खात्री नाही. तेव्हा एकदाच काय ते करा, असा हा उपाय. ही पद्धत युरोप-अमेरिकेतही अनेक वर्षं चालली. तिच्यात डोळ्यात जंतू शिरायचा धोका होता. १९६८ साली केंब्रिजच्या केर्न्स यांनी तिच्याऐवजी सुधारलेली शस्त्रक्रिया मांडली. आज काचबिंदूचं ऑपरेशन म्हणतात ते बहुधा तेच. मद्रासच्या ज्या शेकडो लोकांच्या डोळ्यांवर इलियट यांचा हात बसला, ते लोक कोण होते?

औषधांचं पुढचं थोडक्यात सांगतो. १९७८ साली अमेरिकेत टिमोलॉलच्या थेंबाला परवानगी मिळाली. हे औषध रक्तदाबाच्या गोळ्यांच्या घराण्यातलं. दमा असलेल्याला ते चालत नाही, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडेसुद्धा दमा आहे हे सांगायचंच. १९९६ साली लॅटॅनोप्रॉस्ट आलं, दिवसातून एकदाच घालायचं. त्यामागे बिटो नावाचे शास्त्रज्ञ होते. १९५६ च्या उठावानंतर हंगेरी सोडून अमेरिकेत आलेले निर्वासित. संशोधन न्यूयॉर्कला, औषध घडवलं स्वीडनमध्ये. या थेंबानं पापण्या लांब होतात, हे ऐकून आमच्या गटातल्या दोघी-तिघींचे डोळे चमकले. हौसेनं घालायचं औषध नाही हे, हे तिथल्या तिथे सांगावं लागलं.

दाब मोजायचं यंत्र नॉर्वेच्या शोट्झ यांनी १९०५ साली दिलं. त्याआधी डॉक्टर बोटानं डोळा दाबून अंदाज घ्यायचे. पण नुसता दाब मोजून भागत नाही. जपानमधल्या ताजिमी शहरात लोकांची तपासणी झाली तेव्हा न दुखणाऱ्या काचबिंदूच्या बहुतेक रोग्यांचा दाब नेहमीच्याच मापात निघाला. म्हणून डोळ्यात थेंब घालून मागची नस पाहावी लागते.

आता खरी अडचण अशी होती की काचबिंदू कशाला म्हणायचं यावरच जगाचं एकमत नव्हतं. एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळत नसेल तर धान्याचा हिशोब कसा लागायचा? १९९० नंतर इंग्लंडच्या डॉक्टरांनी मंगोलियातल्या डॉक्टरांबरोबर तिथल्या वस्त्यांत जाऊन डोळे तपासले. युरोपातली पुस्तकं सांगत होती की न दुखणारा, जाळी तुंबण्याचा काचबिंदूच जास्त असतो. मंगोलियात उलट निघालं. फडकं अडकण्याचा प्रकार तिथे जास्त होता. मग २००२ साली वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासकांनी बसून एकच व्याख्या ठरवली आणि पाहण्या तिच्या मापानं होऊ लागल्या.

या पाहण्या एकत्र करून २००६ साली एक अंदाज छापला गेला. २०१० पर्यंत जगात सहा कोटींवर लोकांना काचबिंदू असेल आणि त्यात शंभरात ५९ बायका असतील. फडकं अडकण्याच्या प्रकारात तर शंभरात ७०. बायका जास्त जगतात, हे एक कारण. आणि आपल्या डोळ्याची पुढची खोली पुरुषांपेक्षा थोडी उथळ असते, म्हणून पडदा लवकर अडकतो. तिसरं कारण कुठल्या यंत्रात दिसत नाही. घरात आधी कुणाला दवाखान्यात नेलं जातं, हे तुम्ही जाणताच.

चीनमधल्या ग्वांगझूचा एक अभ्यास आम्हाला फार आवडला. ज्यांचा कोपरा अरुंद आहे, पण आजार अजून झालेला नाही, अशा सगळ्यांनाच लेझरनं पडद्याला भोक पाडावं का, हा प्रश्न होता. चीन, इंग्लंड आणि अमेरिकेच्या डॉक्टरांनी मिळून ८८९ जणांच्या एका डोळ्याला लेझर केलं, दुसरा तसाच ठेवला, आणि सहा वर्षं पाहिलं. २०१९ साली निकाल आला. लेझरनं त्रास कमी झाला, पण न केलेल्या डोळ्यांतही तो इतका क्वचित झाला की सरसकट सगळ्यांना लेझर करायची गरज नाही. मोठा खर्च कुठे करू नये हे दाखवणारं संशोधन आम्हाला बचत गटाच्या स्वभावाचं वाटलं.

मग ६ मार्च २००८ ला पहिला जागतिक काचबिंदू दिन झाला. देशोदेशीच्या डॉक्टरांची जागतिक संघटना आणि रोग्यांची जागतिक संघटना यांनी मिळून तो ठरवला. रोगी बरोबरीनं आले, हे महत्त्वाचं. २०१० पासून मार्चमध्ये आठवडाच पाळतात. आठ मार्चच्या आसपासच तो येतो. त्या दिवशी आपण रांगोळ्या काढतो, पाहुण्यांची भाषणं ऐकतो. त्यातला अर्धा तास डोळ्यांसाठी मागून घेता येईल.

कारण दक्षिण भारतातल्या पाहण्यांत जे निघालं ते वाईट आहे. खेड्यापाड्यांत ज्यांना काचबिंदू सापडला, त्यांतल्या दहापैकी जवळपास नऊ जणांना तो असल्याचं माहीतच नव्हतं. आणि ज्यांना माहीत होतं त्यांचं तरी काय? थेंब जन्मभर घालायचा. आमच्या ओळखीच्या एका आजीनं बाटली संपली की पुढची आणायची सोडून दिली, कारण "फरक पडत नाही." फरक दिसणारच नव्हता. नजर होती तिथे थांबली होती, हाच फरक. गटाच्या वहीत शेळी, खत, शाळेची फी यांसाठी अंतर्गत कर्ज लिहिलेलं असतं. डोळ्याच्या थेंबासाठी आम्ही आजवर एकाच गटात लिहिलेलं पाहिलं.

खर्चाच्या बाजूनं एक चांगली गोष्ट आपल्याकडेच घडली. ऑपरेशन टिकत नाही अशा डोळ्यात पाणी बाहेर नेणारी नळी बसवतात. ती कल्पना दक्षिण आफ्रिकेतल्या मोल्टेनो यांनी १९६० नंतरच्या काळात प्रत्यक्षात आणली. अशी परदेशी नळी फार महाग. मदुराईच्या अरविंद नेत्रालयाच्या ऑरोलॅब कारखान्यानं त्याच धर्तीची नळी कितीतरी कमी किमतीत बनवली. आता ती इतर देशांतही जाते.

शिबिराची गाडी आली की आपल्याकडे मोतीबिंदू आहे का एवढंच पाहून सोडतात, असं पुष्कळदा होतं. तेव्हा बाकावरून उठायच्या आधी विचारायचं, "काचबिंदूसाठी मागची नस पाहिली का?" चाळिशी ओलांडलेल्यांनी तर विचारायचंच. आई, बाप, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला असेल तर तेही तिथेच सांगायचं, कारण धोका घराण्यात उतरतो. आणि डोळा लाल झाला म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनानं स्टिरॉइडचा थेंब आणून महिनोन् महिने घालत असाल, तर तोही डॉक्टरला दाखवा. त्यानंही दाब वाढतो. चिठ्ठी हरवली असेल तर रिकामी बाटली पिशवीत टाकून न्या, तिच्यावर नाव असतं.