दयेचा हिशेब

ख्रिस्ती संस्थेचं अनुदान म्हटलं, की परदेशातला एखादा धनिक आणि त्याने पाठवलेली रक्कम डोळ्यांपुढे येते. या अनुदानाचं कूळ शोधत मागे गेलं, तर दात्यापेक्षा वाटप करणारी माणसं महत्त्वाची ठरतात. १४९८ साली लिस्बनमध्ये राणी लिओनोर हिच्या आश्रयाने ‘मिझेरिकॉर्दिया’ (म्हणजे दया) हा बंधुसंघ निघाला. कारभार पाद्र्यांकडे नव्हता. प्रोव्हेदोर म्हणजे प्रमुख आणि बारा सदस्य अशा तेरा जणांचं मंडळ तो पाहत असे. त्यात उमरावांबरोबर कारागीरही बसत, आणि दरवर्षी २ जुलैला नवी निवड होई. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा नमुना गोव्यात पोचला. चौल आणि वसईलाही त्याच्या शाखा झाल्या. अनाथ मुलीच्या लग्नाला पैसे द्यायचे तर अर्ज येई, बंधू चौकशी करत, मंडळ मंजुरी देई. आजच्या अनुदानाची सारी रीत इथे दिसते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की अन्नछत्रं, धर्मशाळा, देवस्थानांची इनामं आपल्याकडे आधीपासून होती. ते खरंच आहे. दानधर्म कोकणाला कुणी बाहेरून शिकवला नाही. प्रश्न आहे तो बदलत्या मंडळाने गरज तपासून पैसे देण्याच्या या विशिष्ट घडणीचा. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: ही दया राजसत्तेच्या सावलीत वाढली. मिझेरिकॉर्दियाच्या सभासदत्वाला पुढे वंशशुद्धीची अट लागली, म्हणजे ख्रिस्ती झालेला माणूसही तिथे आपोआप आपला ठरत नसे. हा दोष झाकू नये. एखादी पद्धत चांगली असूनही तिचा लाभ मूठभरांपुरता राहू शकतो, आणि पुढचा इतिहास ही कुंपणं हटवण्याचा आहे.

एक कुंपण इंग्लंडमधल्या कायद्याने हलवलं. १६०१ च्या कायद्याच्या प्रस्तावनेत धर्मादाय कामांची यादी आहे: वृद्ध आणि दुर्बलांना आधार, शाळा, अनाथांचं शिक्षण, गरीब मुलींची लग्नं, त्याच रांगेत पूल, बंदरं, रस्ते आणि समुद्राचं पाणी अडवणारे बांध. मालवण किनाऱ्याच्या माणसाला ही यादी ओळखीची वाटेल. साकव, जेटी आणि खारबंधारा या त्याच्या रोजच्या गरजा आहेत. एका घराच्या दुःखाइतकीच अख्ख्या गावाची अडचणही दानाला पात्र ठरली. ब्रिटिश अमलात हा विचार इथे रुजला आणि १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात दारिद्र्यनिवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सार्वजनिक उपयोगाचं काम अशा रूपाने उतरला. निव्वळ धर्मशिक्षण किंवा उपासना या व्याख्येबाहेर ठेवली गेली.

तरी निर्णय कुणाचा, हा प्रश्न उरलाच. वेंगुर्ल्याचं सेंट ल्यूक रुग्णालय अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने उभं केलं. त्याने दक्षिण कोकणातल्या रुग्णांची मोठी सोय केली. पण मिशनचं मुख्य मंडळ न्यूयॉर्कला होतं. या प्रश्नाचं एक उत्तर जर्मनीत मिळालं. १९५८ साली कार्डिनल फ्रिंग्स यांनी जर्मन बिशपांपुढे मांडलेल्या कल्पनेतून ‘मिझेरिओर’ ही संस्था निघाली. तिची सूत्रं स्पष्ट होती: उपवासकाळात सामान्य भाविकांनी दिलेला पैसा, धर्म न पाहता मदत, धर्मप्रसाराला त्यातून काही नाही, आणि योजना स्थानिक संस्थेची. ‘मदतीच्या आडून धर्मांतर’ या शंकेला याहून सरळ उत्तर नाही. मात्र परकीय देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परकीय देणगी घेतलेल्या भारतीय संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने मालवणला झोडपलं, तेव्हा मोठ्या संस्थेकडून गावातल्या छोट्या संस्थेपर्यंत परकीय पैसा पोचण्याची ही वाट बंद झालेली होती.

म्हणून निधी इथेच उभा करायला हवा. स्थानिक वर्गणी तुटपुंजी राहील, हे म्हणणं रास्त आहे. खारबंधारा तिच्यातून होणार नाही. ते शासनाचंच काम. पण फाटलेली जाळी, मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी, डायलिसिसला जाण्याचं गाडीभाडं या गरजा छोट्या रकमेनेही भागतात, आणि त्या वेळेवर ओळखतात ते शेजारीच. २००५ पासून सिंधुदुर्गाला स्वतःचा धर्मप्रांत आहे, म्हणजे चौकट तयार आहे. वाटपाच्या मंडळावर रापणकार मच्छीमार, बागायतदार, परिचारिका बसाव्यात, त्यात इतर धर्मांचे शेजारीही असावेत, मंडळ दरवर्षी बदलावं आणि हिशेब सर्वांपुढे वाचला जावा. १४९८ ची शिस्त आणि १९५८ चा मोकळेपणा एकत्र आले, तरच या कुळाचा वारसा आपण सांगू शकू.