फक्त भारतात विक्रीसाठी

इंजिनिअरिंगला असताना आपण सगळ्यांनीच ती पुस्तकं वापरलीत. पातळ कागद, काळी-पांढरी छपाई, आणि कव्हरवर बारीक अक्षरांत सूचना : फक्त भारत, नेपाळ, श्रीलंका वगैरे देशांत विक्रीसाठी. अप्पा बळवंत चौकात ती ओळ म्हणजे पुस्तक परवडणार याची खूण!

पुढे एका ऑनलाईन दुकानाने मला ऐकवलं, 'हे ई-पुस्तक तुमच्या देशात उपलब्ध नाही.' अरे, पैसे द्यायला तयार आहे, फाईल मिनिटभरात उतरेल, मग नाही कशाला? म्हणून जरा खणलं, तर थेट राणीच्या राज्यात पोचलो.

लंडनच्या मॅकमिलनने १८८६ मध्ये 'कलोनियल लायब्ररी' सुरू केली. इंग्लंडात तेव्हा तीन खंडांची नवी कादंबरी साडेएकतीस शिलिंगांना मिळे. वसाहतींत ती कोण घेणार? म्हणून आपल्यासाठी स्वस्त आवृत्ती, आणि तिच्यावर छापलेलं की ही फक्त हिंदुस्थान आणि वसाहतींसाठी. स्वस्त प्रत बोटीने परत गेली तर घरचा धंदा बुडेल ना!

पुढचं साल बघा : १९४७. इकडे युनियन जॅक उतरला, तिकडे ब्रिटिश प्रकाशकांनी आपसांत ठरवलं, की अमेरिकन पुस्तकाचे हक्क घ्यायचे तर सुमारे ७० देशांचे एकगठ्ठा, नाहीतर नाहीच. त्या यादीत अर्थातच आपणही. अमेरिकन सरकारने १९७४ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्याखाली २१ अमेरिकन प्रकाशकांवर खटला भरला आणि १९७६ मध्ये ही वाटणी मोडली. मोडली म्हणजे सामूहिक करार गेला. एकेका पुस्तकाचे हक्क देशवार विकणं चालूच राहिलं, आणि ई-पुस्तकांना वारशात मिळालं ते हेच. किंडल २००७ मध्ये फक्त अमेरिकेत आलं, २००९ मध्ये भारतासह शंभरावर देशांत. रुपयांतलं दुकान २०१२ मध्ये. यंत्र पोचलं तरी प्रत्येक पुस्तक पोचेलच असं नाही, कारण त्याचे भारतातले हक्क भलत्याच कुणाकडे असतात, किंवा कुणाकडेच नसतात.

कागदाच्या पुस्तकाला निदान पाय फुटतात. सुपाप किर्तसेंग नावाच्या थाई विद्यार्थ्याने घरच्यांकडून तिकडच्या स्वस्त आवृत्त्या मागवून अमेरिकेत विकल्या. वायली प्रकाशनाने त्याला कोर्टात खेचलं. २०१३ मध्ये अमेरिकन सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला : रीतसर विकत घेतलेली प्रत कुठेही छापलेली असो, पुढे विकता येते. (शाब्बास रे पठ्ठ्या!)

पण ई-पुस्तक आपण विकत घेतच नाही, वाचायचा परवाना घेतो. त्यामुळे किर्तसेंगचा निकाल तिथे कामाचा नाही. युरोपियन युनियनने २०१८ मध्ये ऑनलाईन दुकानांतला देशभेद बंद केला, तेव्हाही ई-पुस्तकं त्यातून वगळली.