पेशीअंगके, गोठित वीर्य आणि गोठ्यातील वासरू : पाळीव जनावरांतील आनुवंशिक विकारांचा इतिहास (विशेष संदर्भ : महाराष्ट्र)

प्रस्तावना

पाळीव जनावरांतील आनुवंशिक विकारांचा विचार आजवर प्रामुख्याने पशुवैद्यकाच्या कक्षेत झाला आहे. तथापि हे विकार कोणत्या निर्णयांमुळे पसरले, त्यांची नोंद कोठे झाली आणि कोठे झाली नाही, हे प्रश्न इतिहासाचे आहेत. महाराष्ट्रातील संकरित गोपैदाशीच्या संदर्भात या प्रश्नांचा ऊहापोह करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पेशीच्या अंतरंगाचा शोध

1898 साली इटलीतील कॅमिलो गॉल्गी यांनी चेतापेशीत जाळीसारखी एक रचना पाहिली. ती खरी की रंगद्रव्याने निर्माण केलेला आभास, हा वाद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक येईपर्यंत चालला. 1955 मध्ये बेल्जियमचे क्रिस्तियान द ड्यूव यांनी लयकारिकांना नाव दिले. 1974 चे नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोघांसह मिळाले. लयकारिकेतील एखादे विकर जन्मतःच नसेल, तर न पचलेले द्रव्य पेशीत साचत जाते. अँगस जातीच्या गुरांतील अल्फा-मॅनोसिडोसिस हा असाच विकार होय. न्यूझीलंडमध्ये 1970 च्या दशकात रक्तातील विकराचे मापन करून वाहक जनावरे ओळखण्यात आली व ती पैदाशीतून वगळण्यात आली. रोग्यावर उपचार नव्हता, वाहकाचा शोध मात्र शक्य होता.

एका वळूची वंशरेषा

अमेरिकेत 1952 साली जन्मलेला ‘ओस्बोर्नडेल आयव्हनहो’ हा होल्स्टीन जातीचा वळू. त्याचा पुत्र ‘पेनस्टेट आयव्हनहो स्टार’ 1963 चा, आणि त्याचा पुत्र ‘कार्लिन-एम आयव्हनहो बेल’ 1974 चा. बेलच्या कन्या भरपूर दूध देत, म्हणून त्याचे वीर्य देशोदेशी गेले. त्याबरोबर दोन दोषही गेले. पहिला बीएलएडी. यात पांढऱ्या पेशींच्या पटलावरील सीडी-18 हे प्रथिन बिघडते. आंतर्द्रव्यजालिकेत आपल्या जोडीदार प्रथिनाशी त्याची नीट जुळणी होत नाही व ते पटलापर्यंत पोहोचत नाही. परिणामी रक्तात पांढऱ्या पेशी विपुल असूनही त्या रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून ऊतीत उतरू शकत नाहीत. तोंडात व्रण, वारंवार हगवण, न्यूमोनिया होऊन बहुतेक वासरे वर्षाच्या आत दगावतात. 1992 मध्ये या दोषाचे उत्परिवर्तन निश्चित झाले, तेव्हा अमेरिकेतील होल्स्टीन वळूंपैकी सुमारे 15 टक्के वाहक होते.

दुसरा दोष गॉल्गी संकुलाच्या पटलातील वाहक प्रथिनाचा. त्यामुळे गर्भाच्या मणक्यांची रचना विस्कटते. सीव्हीएम या नावाने तो डेन्मार्कमधील संशोधकांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केला आणि 2006 मध्ये त्याचे जनुक सापडले. यातील बरेच गर्भ जन्मापूर्वीच मरतात. शेतकऱ्याला एवढेच दिसते की गाय उलटली किंवा गाभडली.

महाराष्ट्रातील संकर

भारतात कृत्रिम रेतनाचा प्रारंभ 1939 मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत झाला. महाराष्ट्रात त्याला खरा विस्तार मिळाला तो उरुळीकांचन येथून. 1946 मध्ये महात्मा गांधींनी तेथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला. मणिभाई देसाई तेथेच राहिले व 1967 मध्ये त्यांनी ‘बाएफ’ची स्थापना केली. होल्स्टीन व जर्सी वळूंचे गोठित वीर्य शेतकऱ्याच्या दारापर्यंत जाऊ लागले. वळू गावात न येता त्याची संतती गावोगाव दिसू लागली. या कार्याने अल्पभूधारकाच्या घरात रोजचा पैसा आला, हे निर्विवाद आहे.

परंतु अप्रभावी दोषाची गती संथ असते. वाहक वळू व गावरान गाय यांच्या संततीपैकी निम्मी वासरे वाहक असतात. आजारी एकही नसते. त्यांतील वाहक कालवडीला पुढे दुसऱ्या वाहक वळूचे वीर्य दिले, तरच चारांपैकी एक वासरू रोगी निघण्याची शक्यता निर्माण होते. म्हणजे निर्णय एका पिढीने घेतलेला आणि परिणाम पुढच्या पिढीच्या गोठ्यात. वाशीम जिल्ह्यासारख्या कोरडवाहू प्रदेशात ज्याच्याकडे दोनच गायी आहेत, तो मेलेल्या वासराचे कारण हगवण असेच सांगतो आणि पशुगणनेत तर जिवंत जनावरांचीच संख्या येते. इतिहासाच्या साधनांचे मौन म्हणजे घटनेचा अभाव नव्हे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. भारतात जनुकीय तपासण्या झाल्या तेव्हा होल्स्टीन व तिच्या संकरित जनावरांत बीएलएडीचे वाहक आढळलेच.

येथे एक बाब नमूद करण्यासारखी आहे. तंतुकणिकांचा स्वतंत्र डीएनए आईकडूनच येतो. गुरांतील हा सुमारे 16,300 आधारजोड्यांचा डीएनए 1982 मध्ये वाचला गेला. वीर्य कितीही पिढ्या परदेशी दिले तरी मूळ गाय गावरान असेल, तर तिच्या नातीपणतीच्या पेशीतील तंतुकणिका गावरानच राहतात. ‘विदेशी गाय’ हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो!

देशी वंश आणि तोच प्रश्न

आता वीर्यकेंद्रांच्या किमान मानकांनुसार होल्स्टीन व संकरित वळूंची बीएलएडी, सिट्रुलिनेमिया, डम्प्स आदींसाठी तपासणी होते. 2014 च्या राष्ट्रीय गोकुळ अभियानापासून गीर, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ अशा देशी वंशांवर भर आला, तो स्वागतार्ह आहे. मात्र दोष पसरवतो तो वळूचा देश नव्हे. मोजक्या वळूंचा अमर्याद वापर तो पसरवतो. तपासणीची ही यादी होल्स्टीनच्या इतिहासातून तयार झाली आहे; गीरच्या नव्हे. गोठित वीर्याच्या प्रत्येक नळीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. वासरू मेले किंवा गाय गाभडली, तर तो क्रमांक त्या घटनेच्या नोंदीत लिहिला जावा. हे काम प्रयोगशाळेविना, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील साध्या नोंदवहीतही होऊ शकते.