वर्धेच्या पात्रातील नौका : एका अपुऱ्या स्वप्नाचा इतिहास

वर्धा जिल्ह्याचे नाव घेताच वाचकांच्या डोळ्यांसमोर सेवाग्रामची कुटी, पवनारच्या धाम नदीचा काठ आणि कापसाने भरलेल्या बैलगाड्या उभ्या राहतात. नौका मात्र कोणालाच आठवत नाही. उन्हाळ्यात ज्या नदीच्या वाळूत कलिंगडाच्या वाड्या लावता येतात, त्या नदीवर नौकानयन कसले, असे कोणीही विचारील. परंतु एके काळी या जिल्ह्यापर्यंत थेट बंगालच्या उपसागरावरून आगबोटी आणण्याचा बेत आखला गेला होता. तो केवळ कागदावर राहिला नाही. त्यासाठी जवळजवळ दहा वर्षे खडक फोडले गेले, बांध घातले गेले आणि मग एके दिवशी सारे काम थांबले. ज्या जलमार्गाने वर्धेचा कापूस जायचा होता, त्याच जलमार्गाच्या खालच्या टप्प्यात आज सहलीच्या नौका फिरतात. गाठोड्यांसाठी आखलेल्या वाटेवर माणसे आली, ती कशी, हा इतिहास समजून घेण्यासारखा आहे.

प्रथम नदीचा मार्ग पाहू. वर्धा नदी मध्य प्रदेशात मुलताईच्या परिसरात उगम पावते आणि आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम सीमेने वाहत जाते. पलीकडच्या तीरावर अमरावती आणि यवतमाळ हे जिल्हे आहेत. हिंगणघाटावरून येणारी वणा तिला मिळते, पुढे पैनगंगा मिळते, आणि वैनगंगेशी संगम झाल्यावर त्या दोघींचा प्रवाह प्राणहिता या नावाने ओळखला जातो. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत विलीन होते. म्हणजे पुलगावच्या रेल्वेपुलाखालून गेलेले पाणी शेवटी राजमहेंद्रीवरून समुद्राला मिळते. नकाशावर ही वाट सरळ दिसते, आणि नकाशा पाहणाऱ्याला मोह पडावा अशीच ती आहे.

हा मोह ज्यांना पडला ते सर आर्थर कॉटन हे साधे स्वप्नाळू गृहस्थ नव्हते. १८४७ ते १८५२ या काळात राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम येथे गोदावरीवर बंधारा घालून त्यांनी दुष्काळाने गांजलेला त्रिभुज प्रदेश सुपीक केला होता. लोहमार्गापेक्षा जलमार्ग स्वस्त पडतो, या मताचा त्यांनी आयुष्यभर हिरिरीने पुरस्कार केला. त्यांचे सहकारी हेग यांनी गोदावरीच्या वरच्या पात्राची पाहणी केली, तेव्हा नदीत तीन ठिकाणी खडकांचे मोठे अडथळे असल्याचे निश्चित झाले. पहिला दुम्मागुडेम येथे, दुसरा इंचमपल्ली येथे आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरी येथे. या तीन ठिकाणी बांध, बगल-कालवे आणि जलपाश (पाण्याची पातळी चढवून-उतरवून नौका वर-खाली नेणारे दरवाजे) बांधले, तर समुद्रापासून चारशेहून अधिक मैल आत, वर्धा-नागपूरच्या कापूस प्रदेशापर्यंत नौका येऊ शकतील, असा हा हिशेब होता.

काळही अनुकूल होता. १८६० साली निजामाकडून गोदावरीच्या डाव्या तीरावरील मुलूख इंग्रजांकडे आला आणि सिरोंचा हे नव्या जिल्ह्याचे ठाणे झाले. १८६१ साली मध्य प्रांताची स्थापना झाली, आणि त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथून येणारा कापूस थांबल्याने लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या आणि साऱ्या इंग्लंडचे लक्ष हिंगणघाटच्या कापसाकडे लागले. १८६२ साली नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा निर्माण करण्यात आला. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी जलमार्गाच्या योजनेला जोरदार पाठिंबा दिला. त्या वेळी कापसाच्या गाड्या पावसाळ्यात चिखलात रुतत आणि माल बंदराला पोहोचेपर्यंत महिने लोटत. अशा स्थितीत नदी हाच राजमार्ग, असे वाटणे स्वाभाविक होते.

या कामाचा एक धागा ख्रिस्ती इतिहासातही गुंतलेला आहे. हेग हे अत्यंत श्रद्धाळू प्रॉटेस्टंट होते. बांधकामाच्या निमित्ताने दुम्मागुडेमच्या अरण्यात राहत असताना कोया आदिवासींशी त्यांचा संबंध आला, आणि त्यांच्याच पुढाकाराने तेथे अँग्लिकन मिशनचे कार्य सुरू झाले. आगबोटींची योजना बुडाली, पण ते कार्य टिकले. इतिहासात पुष्कळदा असे घडते. मुख्य हेतू विरून जातो आणि वाटेत भेटलेल्या माणसांशी जडलेले नाते मागे उरते.

योजना बुडाली ती का? पहिले कारण नदीच होती. पावसाळा आणि त्यानंतरचे काही महिने सोडले, तर वरच्या पात्रात नौका चालण्याइतके पाणीच नसे. पूर आला म्हणजे तेच पात्र इतके उग्र रूप धारण करी की बांधलेले काम टिकणे कठीण होई. दुसरे कारण अरण्य. मजूर मिळत नसत आणि मिळालेले तापाने आजारी पडत. तिसरे आणि निर्णायक कारण लोहमार्ग. १८६७ साली मुंबईहून निघालेली आगगाडी वर्ध्यावरून नागपूरला पोहोचली. अमेरिकेतील युद्धही १८६५ सालीच संपले होते. योजना पूर्ण झालेली नसतानाच १८७१ साली सरकारने काम थांबविले. त्यानंतर त्याच दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळसा खाणीपर्यंत लोहमार्ग टाकला गेला, आणि वर्धेवरील आगबोटीची आशा कायमची मावळली.

पण नदीवरील नौका कधीच थांबल्या नव्हत्या. सरकार समुद्राकडून येणाऱ्या आगबोटींची वाट पाहत होते, तेव्हाही वर्धेच्या घाटाघाटांवर ढीवर आणि भोई समाजाचे नावाडी आपापले डोंगे व नावा चालवीतच होते. पूल विरळा होते. पलीकडे वऱ्हाड, नातीगोती, बाजार, जत्रा सारे दोन्ही तीरांवर पसरलेले. रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे कौंडण्यपूर पलीकडच्या तीरावर आहे, आणि आर्वीकडच्या भाविकांच्या वाटेत नदी आडवी येते. पाण्याचा रंग पाहून डोह कोठे, खडक कोठे आणि पाणी फिरते कोठे हे नावाडी ओळखत असे. कोणाला नावेत घ्यायचे, कोणाला पुढल्या खेपेपर्यंत थांबवायचे आणि केव्हा नाव मुळीच सोडायची नाही, हे ठरविण्याचा अधिकारही त्याचाच. उतारूंनी घाई केली तरी त्याचा शब्द अखेरचा मानण्यातच सर्वांचे कल्याण होते.

या व्यवहाराला कायद्याचे रूप मिळाले ते १८७८ साली. त्या वर्षीचा उत्तर हिंदुस्थान नौघाट अधिनियम मध्य प्रांतालाही लागू होता. घाटाचा हक्क लिलावाने द्यावा, उताराचे दर लोकांच्या भाषेत फलकावर लावावेत, नावेत किती माणसे आणि किती ओझे घ्यावे याचे नियम करावेत, आणि बेदरकारपणे नाव हाकणाऱ्यास शिक्षा व्हावी, अशा त्याच्या तरतुदी. आगबोटींची भव्य योजना गुंडाळल्यानंतर सातच वर्षांनी हा साधा कायदा आला. कॉटन यांच्या योजनेत मोजमाप होते ते मुख्यतः कापसाच्या टनांचे. येथे नावेत बसणाऱ्या माणसाचीही मोजदाद झाली.

आता काळ बदलला आहे. पूल झाले, घाट ओस पडले. नदीवर माणूस आता पलीकडे जाण्यासाठी जात नाही, तर पाणी पाहण्यासाठी जातो. गोदावरीच्या पापीकोंडलु डोंगररांगांतून जाणारी नौकासहल हे याचे मोठे उदाहरण. दोन्ही बाजूंस उंच वनाच्छादित डोंगर, मधून आक्रसलेली नदी, वाटेत गंडी पोचम्माचे देऊळ, नौकेवरच न्याहारी आणि जेवण, गाणी आणि नृत्य. दूरदूरची कुटुंबे सकाळी अनोळखी म्हणून नौकेत चढतात आणि संध्याकाळी एकमेकांचे पत्ते लिहून घेत उतरतात. कॉटन आणि हेग यांनी वर्धेच्या कापसासाठी जी वाट आखली, तिचाच हा खालचा टप्पा.

मात्र जुन्या घाटावरचा नावाडी आपल्या उतारूंना ओळखत होता, नदी उतारूंना ठाऊक होती. सहलीच्या नौकेत यांपैकी काहीच गृहीत धरता येत नाही. १५ सप्टेंबर २०१९ रोजी याच मार्गावर कच्चुलुरू येथे ‘रॉयल वसिष्ठ’ ही सहलीची नौका पुराच्या पाण्यात उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. खोल डोहात रुतलेली ती नौका पाच आठवड्यांनंतर काकीनाड्याच्या एका स्थानिक पथकाने दोर आणि लंगर यांच्या साहाय्याने वर काढली. नदीच्या माणसांचे ज्ञान कामी आले, पण ते अपघातानंतर. १४ सप्टेंबर २०२१ रोजी तर दुःख आपल्याच नदीवर आले. वरूड तालुक्यातील झुंज येथे उत्तरकार्यासाठी एकत्र जमलेले नातलग नावेतून फिरावयास निघाले आणि वर्धेने त्यांपैकी अकरा जणांना गिळले. एका मृत्यूचा शोक करण्यासाठी आलेल्या घरावर अकरा मृत्यूंचा आघात झाला.

विशेष म्हणजे त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, ऑगस्ट २०२१ मध्ये, संसदेने संमत केलेल्या अंतर्देशीय नौका अधिनियमाला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली होती. इंजिन नसलेल्या साध्या नावांचीही स्थानिक पातळीवर नोंद व्हावी, अशी सोय त्यात आहे. पुढच्या वर्षी तो अमलात आला. त्यापूर्वी २०१६ च्या कायद्याने देशातील १११ जलमार्ग राष्ट्रीय म्हणून जाहीर झाले. त्यांत पैनगंगा-वर्धा आणि वैनगंगा-प्राणहिता यांची नावे आहेत. कॉटन यांचे स्वप्न दीडशे वर्षांनी पुन्हा सरकारी कागदावर आले, असे म्हणावयास हरकत नाही.

हे स्वप्न साकार होवो वा न होवो, एक गोष्ट या इतिहासातून स्पष्ट होते. नदीवर नौका चालते ती आधी नदीच्या ज्ञानावर, आणि मग नावाडी व उतारू यांच्यातील विश्वासावर. आपल्या धर्मग्रामांतून, शाळांतून आणि महिला मंडळांतून दरवर्षी सहली निघतात. नदीचा काठ आणि नौकाविहार हे त्यांचे मोठे आकर्षण असते. या आनंदाला नाही म्हणण्याचे कारण नाही. परंतु नावेत पाय ठेवण्यापूर्वी चार प्रश्न विचारण्याचा संकोच कोणी बाळगू नये : या नौकेची नोंद आहे काय, तिच्यात किती माणसे बसावयाची, प्रत्येकाला अंगात घालण्याचे तरंगते जाकीट आहे काय, आणि वर धरणाचे पाणी सोडले आहे काय. आणि एखादा नावाडी ‘आज नाव सोडत नाही’ म्हणाला, तर त्याला जास्त पैशांचा मोह न दाखविता त्याचे आभार मानून मुलाबाळांसह काठावरच डबे उघडावेत.